तळटीप १४ : ‘मार्शलचा एकाहत्तरचा हंगाम’

१४. मार्शल हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हंटिंग्टन गावचे विद्यापीठ. ‘फुटबॉल’ म्हणजे इथे हाताने चेंडू फेकण्याचा, घेऊन पळण्याचा अमेरिकी खेळ, आपल्याकडचा नव्हे. १४ नोव्हेंबर १९७० रोजी सामना हरून परतताना या संघाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर कोसळले. ३७ खेळाडूंसह ७५ जण गेले. विमानातले कोणीही वाचले नाही. पुढच्या वर्षी संघ उभा राहिला तो मुख्यतः प्रथम वर्षाच्या पोरांवर. एरवी त्यांना मुख्य संघात मज्जाव असे, मार्शलला खास मुभा मिळाली. पहिला सामना ते हरले. २५ सप्टेंबर १९७१ रोजी घरच्या मैदानावर झेवियरविरुद्ध वेळ संपत आली असताना रेजी ऑलिव्हरने टेरी गार्डनरकडे आखूड फेक केली, गार्डनर चेंडू घेऊन रेषेपार धावला आणि मार्शल १५-१३ असे जिंकले. साऱ्या हंगामात दहांपैकी विजय दोनच. तरीही लेखकाने या हंगामाला ‘मोठा’ म्हटले आहे, ते योग्यच आहे. विद्यापीठाच्या आवारातले स्मारक-कारंजे दर १४ नोव्हेंबरला बंद करतात. ते वसंतात पुन्हा सुरू होते. (संपा.)