डोक्याला मुका मार : मैदानावरच्या तपासणीचा प्रवास, प्रश्नांपासून मोबाईल अ‍ॅपपर्यंत

"बेशुद्ध झाला नव्हता ना? मग काही नाही." मैदानावर मुलाच्या डोक्याला मार लागला की पालक आणि क्रीडाशिक्षक बहुतेक वेळा असेच म्हणतात. डॉक्टरही बराच काळ याच पद्धतीने विचार करत होते. हा विचार कसा बदलला, मैदानावरची तपासणी कशी घडत गेली आणि ती मोबाईलमध्ये आणताना नंदुरबारसारख्या जिल्ह्यात काय पाहावे लागेल, ते या लेखात समजून घेऊ.

कन्कशन म्हणजे काय?

डोके जोरात आपटले किंवा मानेला झटका बसला की कवटीच्या आत मेंदू हादरतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. याला कन्कशन म्हणतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळ, विसरणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे ही त्याची लक्षणे. बहुतेकांची शुद्ध हरपत नाही आणि साध्या सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. म्हणून हे निदान लक्षणे विचारून आणि खेळाडूला नीट तपासूनच करावे लागते.

जुना इतिहास

कवटी न फुटताही मेंदूला हादरा बसतो आणि त्याचे काम तात्पुरते बिघडते, हे पर्शियातील वैद्य अल-राझी यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास मांडले होते. १९२८ मध्ये अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी वारंवार डोक्यावर ठोसे खाणाऱ्या बॉक्सरांच्या चालण्या-बोलण्यात होणारे बदल नोंदवले. तरीही मैदानावर मुख्य प्रश्न एकच राहिला : उभा राहतोय का?

आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना १९६२ चा बार्बाडोसचा सामना आठवत असेल. चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. फ्रँक वॉरेल यांनी आणि आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेले. नंतर प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. या दोन्ही घटना कन्कशनपेक्षा कितीतरी गंभीर होत्या. पण मार लागल्यावर माणूस चालतोय, बोलतोय, एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही, हे लांबा यांच्या मृत्यूने दाखवले.

नेमका प्रश्न कोणता?

१९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजण्याची पद्धत दिली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. पूर्ण गुण १५. गंभीर रुग्णांसाठी ती आजही वापरतात. पण कन्कशन झालेला खेळाडू त्यात सहसा पूर्ण गुण मिळवतो!

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. नाव, वार, तारीख असे नेहमीचे प्रश्न फारसे उपयोगी नव्हते. पण "आता सामन्याचा कितवा भाग चालू आहे? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी होता? जिंकलो का?" या प्रश्नांवर कन्कशन झालेला खेळाडू अडखळायचा. जुनी आठवण शाबूत असते, ताजी आठवण डळमळते.

२००१ मध्ये व्हिएन्नात या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २००४ च्या प्राग परिषदेतून 'स्कॅट' नावाची एकत्रित तपासणी आली : लक्षणे, आठवण, एकाग्रता आणि तोल. तिच्यात सुधारणा होत २०२३ मध्ये सहावी आवृत्ती निघाली. ती डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. सामान्य लोकांसाठी धोक्याची लक्षणे ओळखण्याचा वेगळा, सोपा तक्ता आहे.

क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देता येतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. तो पुढे खेळला, त्रास नंतर जाणवला. त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन बळी घेतले. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेत शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, त्यानेही तीन बळी घेतले. बदली योग्य होती का, यावर खूप वाद झाला. पण लक्षणे उशिरा दिसू शकतात, ही बाब त्या वादात मागे पडली.

मोबाईल आणि नंदुरबार

संगणकावरच्या चाचण्या या शतकाच्या सुरुवातीला आल्या. त्यातल्या एका प्रसिद्ध चाचणीला अमेरिकी नियामक संस्थेने २०१६ मध्ये परवानगी दिली, पण केवळ तिच्यावरून निदान करू नये असेही सांगितले. पुढे फोनची अ‍ॅप्स आली.

आता हे अ‍ॅप आपल्या जिल्ह्यात आणायचे म्हटले तर? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार मुख्यतः आदिवासी जिल्हा आहे. शाळेच्या कबड्डी सामन्यात पकड करताना गुडघा डोक्यात बसतो, तेव्हा शेजारी सहसा शिक्षक असतो, डॉक्टर नाही. म्हणून अ‍ॅप नेटवर्कशिवाय चालले पाहिजे आणि पहिल्याच पानावर धोक्याची लक्षणे चित्रांसह दिसली पाहिजेत.

भाषेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. 'स्कॅट'मध्ये दहा शब्द ऐकून परत सांगायचे असतात आणि महिने उलटे म्हणायचे असतात. धडगावकडे घरात पावरी आणि नवापूरकडे मावची बोलणारा मुलगा प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत अडखळला, तर ते कन्कशन की परकी भाषा? केवळ भाषांतर करून भागणार नाही. शब्द मुलांच्या बोलीतले हवेत, आवाजात ऐकवलेले हवेत, आणि इथल्या निरोगी मुलांवर आधी तपासून घेतलेले हवेत. मॅडॉक्सचे प्रश्न मात्र सहज बदलता येतात : "मध्यंतर झाले का? शेवटची चढाई कोणाची होती?"

आणि अ‍ॅपने "खेळायला हरकत नाही" असे कधीच सांगू नये. संशय असेल तर मुलाला बाहेर बसवणे, एवढाच निर्णय मैदानावर घ्यायचा. परत खेळण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

लक्षात ठेवा

- कन्कशनचा संशय आला की त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, प्रश्नांची उत्तरे बरोबर आली तरी.
- वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, वाढती गुंगी, एकाऐवजी दोन दिसणे, मान दुखणे, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव : लगेच १०८ ला फोन करा. मान हलवू नका.
- पहिले काही तास मुलाला एकटे सोडू नका. सायकल किंवा गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी देऊ नका.
- पहिले एक-दोन दिवस आराम आणि कमी मोबाईल. थोडे चालणे चालते. आधी शाळा, मग टप्प्याटप्प्याने खेळ, आणि पुन्हा सामना खेळण्याआधी डॉक्टरांची तपासणी.