प्लाझ्मा-बुडबुडे आणि वातावरणीय तरंग

सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तालगतच्या आयनांबरात काही ठिकाणी इलेक्ट्रॉनांची घनता दहापटींनी, कधी शंभरपटींनीही घटते. असे विरळ प्रदेश आयनांबराच्या वरच्या, म्हणजे एफ थराच्या तळातून वर चढू लागतात. त्यांना प्लाझ्मा-बुडबुडे म्हणतात. बुकर व वेल्स यांनी १९३८ मध्ये पेरूतील वान्कायो येथील नोंदींवरून या अनियमिततांचे पहिले वर्णन केले. तेथे थरावरून परतणारा रेडिओ-प्रतिध्वनी रेखीव न उमटता पसरट उमटत होता. म्हणून ‘स्प्रेड एफ’ हे नाव पडले आणि तेच आजही चालते.

दिवस मावळला की खालचा ई थर झपाट्याने विरतो. एफ थर मात्र टिकतो. इतकेच नव्हे, संध्याकाळी पूर्वेकडे रोखलेले विद्युत्‌क्षेत्र काही काळ बळावल्याने तो आणखी वर उचलला जातो. परिणामी दाट प्लाझ्मा वर आणि विरळ खाली, अशी तेलावर पाणी ओतल्यासारखी अवस्था येते. या रॅले-टेलर अस्थिरतेने स्प्रेड एफचा उलगडा होऊ शकतो, असे डंगी यांनी १९५६ मध्ये सुचवले. लिमाजवळच्या हिकामार्का रडारवर वुडमन व ला होझ यांना दिसलेले उंच पिसारे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही कल्पना रुळली.

अवस्था कितीही अस्थिर असली तरी तिला पहिला धक्का लागतो. तो देण्यात गुरुत्व-तरंगांचा मोठा वाटा मानला जातो. (कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या लहरींशी यांचा संबंध नाही. हवा वर ढकलली गेली की वजनाने खाली येते आणि या हेलकाव्यांतून हे तरंग निर्माण होतात.) गडगडाटी ढग, डोंगररांगा, वादळे ही त्यांची उगमस्थाने. वर जाताना हवा विरळ होत असल्याने ऊर्जा न गमावणाऱ्या तरंगाचा आयाम साधारण दर १४ किलोमीटरला पावणेतीनपट होतो. बहुतेक तरंग ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास फुटतात. वेगवान व लांब तरंगच एफ थराच्या तळापर्यंत टिकतात, किंवा फुटलेल्या तरंगांतून निघालेले दुय्यम तरंग तेथे पोहोचतात. त्यांचा वारा आयनांना चुंबकीय क्षेत्ररेषांच्या आडवे ढकलतो, प्रभार विलग होतात आणि त्यातून उपजलेले विद्युत्‌क्षेत्र थराच्या तळाला चढउतार देते. तरंगाची आघाडी क्षेत्ररेषांना समांतर, म्हणजे जवळपास दक्षिणोत्तर असेल तर परिणाम सर्वाधिक होतो.

धक्क्याचा आकार का महत्त्वाचा, हे हिशेबाने कळते. समजा, विक्षोभ दर १५ मिनिटांनी पावणेतीनपट वाढतो. सुरुवातीला घनतेतील फरक ५ टक्के असेल तर पाऊण तासात बुडबुडा तयार होतो. अर्धा टक्का असेल तर तब्बल ८० मिनिटे लागतात. तोवर विद्युत्‌क्षेत्राची दिशा उलटून थर खाली येऊ लागलेला असतो.

तरीही तरंगांना सर्व श्रेय देणे चुकीचे ठरेल. भारतावर सर्वाधिक मेघगर्जना पावसाळ्यात आणि त्याआधीच्या वळिवात, पण संध्याकाळचे बुडबुडे मुख्यतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसतात. त्या काळात सूर्यास्ताची रेषा चुंबकीय रेखावृत्ताशी जुळते आणि क्षेत्ररेषांच्या दोन्ही टोकांचा ई थर एकाच वेळी मावळतो. बीज भरपूर असूनही जमीन तयार नसली तर काही उगवत नाही. शिवाय बीज तरंगांचेच असते यावर एकमत नाही. वाऱ्यांच्या विरुद्ध प्रवाहांतून उद्‌भवणारी अस्थिरताही ते काम करू शकते, असे काही संशोधक मानतात.

वातावरणातील भरतीच्या तरंगांची भूमिका वेगळी आहे. ते धक्का देत नाहीत, पार्श्वभूमी घडवतात. उष्णकटिबंधातील पर्जन्यमेघांत मोकळ्या होणाऱ्या उष्णतेपासून उपजलेल्या दैनिक भरत्या ई थरातील वारे बदलतात आणि त्यांच्यामार्गे संध्याकाळचे विद्युत्‌क्षेत्रही. केल्विन व इतर ग्रहीय तरंग हीच क्रिया काही दिवसांच्या आवर्तनाने करतात. काल बुडबुडे उठले, आज नाहीत, या कोड्याचा एक धागा येथे सापडतो.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा येथील ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची दाबलहर सेकंदाला ३०० मीटरहून अधिक वेगाने पसरली आणि जपानच्या आकाशात पोहोचली तेव्हा तेथे रात्र झालेली होती. पाठोपाठ पूर्व आशियावर बुडबुडे नोंदले गेले. इतके ठळक कारण-कार्य क्वचितच हाती लागते.

भारतात या अभ्यासाची सुरुवात थुंबापासून सांगता येते. चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ असल्यानेच अग्निबाण सोडण्यासाठी ती जागा निवडली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या अग्निबाणाने सोडलेली सोडियमची वाफ उच्च वातावरणातील वारे मोजण्यासाठी होती. तिरुपतीजवळच्या गडंकी येथील ५३ मेगाहर्ट्‌झ रडार सुमारे तीन मीटर आकाराच्या अनियमितता टिपते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सर्वाकाश कॅमेऱ्याने ६३० नॅनोमीटरच्या लाल वायुदीप्तीत बुडबुडे पाहिले गेले आहेत. चित्रात ते पूर्वेकडे सरकणारे काळे दक्षिणोत्तर पट्टे दिसतात. क्षेत्ररेषेच्या भूमितीमुळे विषुववृत्तावर सुमारे ५०० किलोमीटरच्या वर गेलेला बुडबुडाच कोल्हापूरच्या माथ्यावर येतो.

व्यवहारात फटका उपग्रह-संकेतांना बसतो. बुडबुड्यांच्या कडांवरील काहीशे मीटर आकाराच्या अनियमिततांमुळे जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा संकेत लुकलुकतो आणि ग्राहकयंत्राची पकड सुटू शकते. विमानांना दिशादर्शन देणाऱ्या ‘गगन’ या भारतीय प्रणालीसाठी आयनांबराचे वेगळे प्रतिमान तयार करावे लागले ते या प्रदेशाच्या अशा स्वभावामुळेच.