गुत्ता, गोटुल आणि मंडई

इंग्रज लोक ज्यास ‘पब’ म्हणतात, त्याचें पुरें नांव ‘पब्लिक हाउस’, म्हणजे सार्वजनिक घर. आपल्याकडे तशा जागेस ‘गुत्ता’ म्हणतात. आणि गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता. एक नांव सांगतें कीं हें घर सर्वांचें. दुसरें सांगतें कीं हें घर मक्तेदाराचें. या दोन नांवांतील अंतर केवढें आहे, हें चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच अन्यत्र दिसेल.

विलायतेंत मद्यगृहांतून नाट्योत्सव आणि काव्यवाचनें होतात, हें ऐकून आपल्या सभ्य गृहस्थांस नवल वाटतें. वास्तविक ही प्रथा जुनीच आहे. जेम्स बर्बेज यानें १५७६ सालीं लंडनच्या वेशीबाहेर शोरडिच येथें नाटकगृह बांधलें. त्याच्या आधीं आणि नंतरहि कांहीं वर्षें ‘बुल’, ‘बेल’, ‘क्रॉस कीज’ अशा पांथशाळांतून नाटकें होत. १९४७ सालीं एडिंबरो येथें पहिला कलामहोत्सव भरला, तेव्हां आठ नाटकमंडळ्या निमंत्रणावांचून येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागीं त्यांनीं आपले खेळ केले. १९७० सालीं लंडनमधील ‘किंग्ज हेड’ या मद्यगृहाच्या मागील खोलींत नाटकगृह सुरू झालें. आतां प्रश्न असा कीं, कलेला या घरांत कोणत्या गोष्टीनें आणलें? पेल्यानें, कीं बिनबोलावतां येऊन बसण्याच्या हक्कानें?

आमच्या अरण्यप्रदेशानें या प्रश्नाची परीक्षा दिलेली आहे. येथें मोहाचें झाड घरच्यासारखें. चैत्राच्या सुमारास पहाटे पडलेलीं फुलें वेंचावीं, वाळवावीं, आंबवावीं आणि त्यांची दारू गाळावी. तिचा पहिला थेंब देवाला, मग पाहुण्याला. हें पेय विकत घेण्याचें नव्हतें. इंग्रजी अमदानींत अबकारी खातें आलें, दारूच्या विक्रीचा हक्क लिलावानें जाऊं लागला, आणि देवापुढें ठेवावयाची वस्तु सरकारी उत्पन्नाची बाब झाली. गुत्त्याचा जन्म असा तिजोरीच्या पोटीं झाला. तेथें जाणारा मनुष्य पाहुणा नव्हे, गिऱ्हाईक. गांठीचा पैसा संपला कीं त्याचें बसणेंहि संपलें. अशा ठिकाणीं कर्ज वाढलें, संसार मोडले. पण कला रुजली नाहीं, यांत आश्चर्य तें काय?

सार्वजनिक घर येथें होतें. परंतु तें निराळें होतें. भामरागड, एटापल्लीकडील माडिया गांवांत त्यास गोटुल म्हणतात. व्हेरियर एल्विन यांचा १९४७ चा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरमधील मुरिया लोकांच्या गोटुलाविषयीं आहे. त्यावरून इकडेहि तसेंच असेल, असा सुशिक्षितांचा समज होतो. तो बरोबर नाहीं. माडियांच्या गोटुलांत मुली रात्रीं निजावयास राहत नाहींत. तेथें गांवाची बैठक बसते, तंटे मिटतात, परगांवचा पाहुणा उतरतो. आणि त्याच्याच अंगणांत ढोलाच्या ठेक्यावर रेला नाच होतो. न्याय, आतिथ्य आणि नृत्य यांना एकच छप्पर पुरतें. सणावारीं तेथें मोहाची दारू येई, हें खरें; पण ती घराची मालक नव्हती, घरीं आलेली पाहुणी होती.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला आणि १९९३ सालीं तेथें दारूबंदी आली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. चोरटी दारू थांबत नाहीं, हें सांगणाऱ्यांचें म्हणणें मी खोटें म्हणत नाहीं. परंतु बंदी मागणाऱ्यांत गांवोगांवच्या स्त्रिया होत्या, हें मला विसरतां येत नाहीं. गुत्ता त्यांच्यासाठीं सार्वजनिक कधींच नव्हता.

आणि गुत्ते बंद झाल्यानें कला बंद पडली काय? मुळींच नाहीं. दिवाळीनंतर मंडया भरूं लागल्या कीं झाडीपट्टीची रंगभूमि जागी होते ती होळीपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथें नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. गांवचें मंडळ तेथें जाऊन नाटक ठरवितें. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत मंडप पडतो आणि खेळ रात्रभर चालतो. लेकीबाळी माहेरीं येतात, घराघरांत पाहुणे मावत नाहींत, सोयरिकी जुळतात. २०१४ च्या न्यायालयीन निर्णयानें शंकरपट बंद झाले, तेव्हांहि नाटकें चालूच राहिलीं. २०२३ सालीं या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तो मान अशा असंख्य रात्रींचा आहे.

वर्गांत मी वर्षानुवर्षें एलिझाबेथकालीन पांथशाळेचा चौक फळ्यावर काढून दाखवीत असें. त्याचा अर्थ मला उमगला तो वडशाजवळच्या एका बांध्यांत. मंडप भरून गेला होता. मी कडेला उभा होतों. पुढच्या ताडपत्रीवरील एक म्हातारी शेजारणीस म्हणाली, “सरक वो, पावण्याले बसू दे.” तिनें माझें नांव विचारलें नाहीं कीं गांव विचारलें नाहीं.

सार्वजनिक घर तें हेंच. हल्लीं कलामहोत्सवासाठीं सभागृहें बांधावीं, अशी मागणी होते. तीं अवश्य बांधावींत. मात्र त्यांची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार, हें आधीं विचारावें. मक्तेदाराकडे राहिली, तर भिंतींवर कितीहि चित्रें काढलीं तरी तो गुत्ताच होईल. आणि सरकून जागा देणारी ती म्हातारी तेथें दिसणार नाहीं.