आडनाव आणि ढाल

नंदुरबार जिल्ह्यातील धर्मग्रामांत गावित, वळवी, वसावे, पाडवी ही आडनावे आपल्याला पदोपदी भेटतात. येथे स्नानसंस्काराने नाव नवे मिळाले, आडनाव मात्र पूर्वजांचेच राहिले. वसईत वेगळे घडले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला. पुढे ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. पुष्कळदा ती धर्मपित्याची असत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सत्ता गेली, आडनावे राहिली.

या आडनावांचे अर्थ साधेच आहेत. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा. आयरिश आडनावांतील 'मॅक'ही हेच सांगतो. सिल्वा म्हणजे अरण्य, परेरा म्हणजे नाशपतीचे झाड.

पोर्तुगालमधील सिंत्रा येथील राजवाड्यात मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी ७२ सरदार घराण्यांच्या ढाली छतावर रंगवून घेतल्या. परेरा घराण्याचे चिन्ह लाल ढालीवर रुपेरी क्रूस. ते पाहून आपल्या दिवाणखान्यात तशी ढाल लावण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु आम्हाला नम्रपणे सांगावेसे वाटते, की ढाल घराण्याची असते, आडनावाची नव्हे. धर्मपित्याने नाव दिले. वंश दिला नाही.

आपल्याकडेही कुळाची खूण होतीच. महाराष्ट्रातील अनेक कुळांचे देवक असे; कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव. ती खूण मिरवण्यासाठी नव्हती. एकच देवक असलेल्यांत सोयरीक होत नसे.

याच परेरा घराण्यातील नूनो आल्वारिश यांनी १३८५ साली अल्जुबरोटाची लढाई जिंकून पोर्तुगालचे स्वातंत्र्य राखले. पुढे संपत्ती वाटून टाकून ते लिस्बनच्या कार्मेल मठात साधे बंधू म्हणून राहिले. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले. ज्याची ढाल खरोखर होती, त्याने ती खाली ठेवली!

मग आपण काय जपावे? आजी-आजोबांची, पणजोबांची नावे, मूळ गाव, जुने कूळ. धर्मग्रामाच्या नोंदवहीत स्नानसंस्कार व विवाह सापडतील. उरलेले घरातील वृद्धांनाच ठाऊक असते. ते आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे. परेरा असो वा पाडवी, खरी वंशावळ तीच.