तार, बिनतारी आणि लॅपटॉप : ग्रामीण महाराष्ट्रातील संगणक-जोडणीचा ऐतिहासिक मागोवा

लॅपटॉप संगणक जाळ्याला जोडण्याचे दोन मार्ग आहेत : एक तारेचा, दुसरा बिनतारी. आधी तार आली, तंत्र सुधारले आणि मग तारेची गरज उरली नाही, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. नेवासा तालुक्यासारख्या ऊसपट्ट्याच्या संदर्भात हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागतिक इतिहासात हा क्रम वेगळा दिसतो. हवाई विद्यापीठाने १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील संगणककेंद्रे रेडिओलहरींनी जोडली. त्या 'अलोहानेट'पासून प्रेरणा घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली इथरनेटची कल्पना मांडली. लॅपटॉपच्या कडेला आज जी केबल खोचली जाते, तिच्यामागील विचार असा मुळात बिनतारी आहे.

भारतात बिनतारी जोडणीच्या वाटेत कायदाही उभा होता. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगणे हाच गुन्हा होता. वाय-फायचे मानक १९९७ साली निश्चित झाले आणि मार्च २००३ मध्ये इंटेलच्या 'सेंट्रिनो'ने ते लॅपटॉपमध्ये अंगभूत केले, परंतु २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा खुल्या जागेतील वापरासाठीही परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये.

तोवर मुख्य भिस्त दूरध्वनीवरच होती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेही दूरध्वनीमार्गेच. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत सुरू झालेला 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प याच परंपरेतला. गावकेंद्रांतील संगणक दूरध्वनीजोडणीने वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडले गेले आणि उसाची नोंद, तोडणी, वजन यांसाठी शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत मारावी लागणारी खेप वाचली. पुढे संगणकांची देखभालच खर्चिक ठरली. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले, आणि ते झाले! शेतकऱ्याला संगणक नव्हे, उसाचे वजन हवे होते.

नेवासा तालुक्याची आर्थिक घडण वारणेहून फार निराळी नाही. मुळा धरणाचे पाणी, ऊस, आणि सोनईचा 'मुळा' व भेंड्याचा 'ज्ञानेश्वर' हे सहकारी कारखाने. मात्र महाविद्यालयाची गरज लघुसंदेशाने भागत नाही. तेथे लॅपटॉपच लागतो. त्याच्या पडद्यावर वाय-फायच्या सर्व रेषा भरलेल्या दिसतात, तरी पान उघडत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्या रेषा लॅपटॉप ते राउटर एवढ्याच अंतराची साक्ष देतात. राउटरच्या मागे पुन्हा तारच असते. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली, तिचा भरही तारेवरच होता. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी प्राध्यापकाने लॅपटॉपला केबल खोचली, तर भिंतींचा अडथळा तेवढा टळतो. रस्त्याच्या रुंदीकरणात तुटलेला तंतू त्याने सांधला जात नाही.