बीटसन, आर्थर
(२२ जानेवारी १९४५ – १ डिसेंबर २०११). ऑस्ट्रेलियाचा विख्यात व्यावसायिक रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक. ‘बिग आर्टी’ या नावाने लोकप्रिय. जन्म क्वीन्सलँड राज्यातील रोमा या गावी, ॲबोरिजिनल वंशात. त्या राज्यातील आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत सरसकट मताधिकार मिळाला तो १९६५ मध्ये. पुढच्याच वर्षी बीटसन ग्रेट ब्रिटनविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून पहिला कसोटी सामना खेळला.

ब्रिस्बेनच्या रेडक्लिफ क्लबाकडून खेळल्यावर १९६६ मध्ये तो सिडनीच्या बाल्मेन क्लबात दाखल झाला. हे स्थलांतर त्याच्या एकट्याचे नव्हते. न्यू साउथ वेल्समधील क्लबांना १९५६ पासून जुगारयंत्रे ठेवण्याची मुभा होती; क्वीन्सलँडच्या क्लबांना तसे उत्पन्न नव्हते. त्यामुळे उत्तरेकडील उत्तम खेळाडू सिडनीकडे ओढले जात. शिवाय आंतरराज्य सामन्यांत खेळाडू ज्या राज्यातील क्लबाकडून खेळत असेल, त्याच राज्याचे प्रतिनिधित्व त्याने करावे, असा नियम होता. परिणामी बीटसनला उमेदीच्या वर्षांत न्यू साउथ वेल्सचा पोशाख घालून जन्मभूमीविरुद्ध खेळावे लागले.

रग्बी लीगमध्ये तेरांपैकी सहा खेळाडू आघाडीच्या फळीत असतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षावर धडकणे आणि समोरून येणाऱ्यास अडवून खाली पाडणे, हे त्यांचे परंपरागत काम. बीटसन प्रॉप व सेकंड रो या दोन्ही जागी खेळे. देह अवाढव्य, पण हात विलक्षण चपळ. दोघातिघांनी जखडल्यावरही, पकड पूर्ण होण्यापूर्वीच, एक हात मोकळा करून तो चेंडू मागून धावत येणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवी. या कौशल्याचे मोल नियमबदलामुळे वाढले. पूर्वी एखादा संघ कितीही वेळा अडवला गेला, तरी चेंडू त्याच्याकडेच राही. १९६७ मध्ये ही मर्यादा चार, तर १९७१ मध्ये सहा अडवणुकींवर आली. पकड पूर्ण होण्याआधी चेंडू निसटला, तर ती अडवणूक गणली जात नाही. केवळ धडका देणाऱ्या आघाडीच्या खेळाडूपेक्षा चेंडू खेळता ठेवणारा अधिक उपयुक्त ठरू लागला, तो यामुळेच.

आरंभी मात्र त्याच्या दमाविषयी शंका घेतली जाई; ‘अर्ध्या सामन्याचा आर्टी’ हे टोपणनाव त्यातूनच पडले. खवय्येगिरी व वजन हे थट्टेचे विषय होते. संतापाचीही किंमत त्याने मोजली : बाल्मेनने १९६९ चे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा निलंबनामुळे तो अंतिम सामन्यास मुकला. १९७१ मध्ये तो ईस्टर्न सबर्ब्‌स क्लबात गेला. तेथे १९७४ मध्ये जॅक गिब्सन प्रशिक्षक म्हणून परतला. शारीरिक क्षमता आणि प्रत्येकाच्या अडवणुकींची नोंद यांवर भर देणाऱ्या या करड्या प्रशिक्षकाच्या हाताखाली बीटसनचा खेळ पक्व झाला. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने १९७४ व १९७५ ची अजिंक्यपदे मिळविली; १९७५ च्या अंतिम सामन्यात सेंट जॉर्जचा ३८–० असा धुव्वा उडाला.

१९७३ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद भूषविले. कोणत्याही खेळात राष्ट्रीय संघाचा कर्णधार होणारा तो पहिला ॲबोरिजिनल खेळाडू मानला जातो. १९७७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाने ग्रेट ब्रिटनवर १३–१२ असा निसटता विजय मिळविला.

१९८० पर्यंत क्वीन्सलँडच्या सततच्या पराभवांनी आंतरराज्य सामन्यांतील चुरस संपली होती. तेव्हा क्वीन्सलँड रग्बी लीगचे अध्यक्ष, सिनेटर रॉन मॅकॉलिफ यांच्या आग्रहाने त्या वर्षीचा तिसरा सामना मूळ राज्याच्या तत्त्वावर प्रयोगादाखल खेळविण्यात आला. सिडनीत अनेकांनी त्याची टवाळी केली. पस्तिशीतला बीटसन तेव्हा पॅरामॅटा क्लबाच्या राखीव संघात होता. तरीही क्वीन्सलँडने त्यालाच कर्णधार केले. ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर त्याने पॅरामॅटातीलच सहकारी मिक क्रोनिनशी भर सामन्यात टक्कर घेतली. या प्रसंगाला पुढे दंतकथेचे रूप आले व तो ठोशांनिशी रंगविला गेला. क्लबाच्या मैत्रीपेक्षा राज्य मोठे, एवढा अर्थ प्रेक्षकांनी मात्र तत्काळ ओळखला. क्वीन्सलँडने सामना २०–१० असा जिंकला. १९८२ पासून तीन सामन्यांची वार्षिक मालिका याच तत्त्वावर सुरू झाली आणि पहिल्या तिन्ही मालिका क्वीन्सलँडने बीटसनच्या प्रशिक्षणाखाली जिंकल्या.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या ‘इम्मॉर्टल्स’ या सर्वोच्च मानाच्या यादीत सातवा खेळाडू म्हणून त्याचा समावेश झाला. गोल्ड कोस्ट येथे सायकल चालवीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले.