ठिगळ पोहोचेपर्यंत

आम्ही जन्मभर मजुरांच्या संघटनेचे काम केले आणि आमची शाळा सातवीतच सुटली. असा मनुष्य संगणकाच्या विषयावर बोलावयास उभा राहतो हे ऐकून काही स्नेह्यांना हसू आले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते आमच्याच जिल्ह्यात, शहादे तालुक्यातील टेंभली गावी. तेव्हापासून डोंगरातल्या माणसाची मजुरी आणि त्याचे रेशन एकेक करून यंत्राच्या पोटात गेले. त्या यंत्राची डागडुजी कोण करतो, केव्हा करतो आणि ती धडगावपर्यंत केव्हा पोहोचते, हा प्रश्न मजूर-चळवळीच्या बाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

कचेरीच्या खिडकीशी पावरी बोलणारा म्हातारा उभा आहे, आत मराठी लिहिणारा कारकून बसला आहे आणि दोघांच्या मध्ये एखादा शिकलेला पोरगा दुभाष्याचे काम करतो आहे, हे दृश्य धडगावात कोणी पाहिले नाही? संगणकातही असाच दुभाषा असतो. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ‘जावा’ नावाची भाषा जगापुढे ठेवली. जेम्स गॉसलिंग हे तिचे प्रमुख कर्ते. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही बनावटीच्या यंत्रावर चालावा, ही तिची प्रतिज्ञा. ती पाळावयाची तर प्रत्येक यंत्रावर एक दुभाषा नेमावा लागतो, जो जावातील मजकूर त्या यंत्राच्या बोलीत सांगतो. त्याला ‘रनटाइम’ म्हणतात. दूरच्या संकेतस्थळावरून आलेले ‘ॲपलेट’ नावाचे छोटे प्रोग्रॅम चालविणे हेही त्याचेच काम होते. अशा परक्या पाहुण्याला ओसरीवर बसवावे, माजघरात जाऊ देऊ नये, घरातल्या कागदांना हात लावू देऊ नये, अशी त्याला सक्त ताकीद असे. आता दुभाषाच फसला, तर घरधन्याला काय कळणार? रनटाइममध्ये भोक सापडले म्हणजे नेमके हेच होते.

अशा भोकावर जो दुरुस्तीचा तुकडा लावतात त्याला इंग्रजीत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. हा शब्द केवळ उपमेचा नव्हे. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात बसविलेले ‘मार्क वन’ हे गणकयंत्र भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा वाचीत असे. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. गोधडीला ठिगळ लावणाऱ्या आमच्या आयाबहिणींना हे काम पाहताक्षणी समजले असते. फरक इतकाच, की गोधडी एका घरात असते आणि तिला लावलेले ठिगळ तेथल्या तेथे लागते. जावाचे ठिगळ एका कंपनीत तयार होते आणि गोधड्या मात्र जगभर पसरलेल्या असतात. ठिगळ तयार झाले म्हणजे भोक बुजले, असा समज आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगला होता. तो किती खोटा आहे हे २०१२ सालाने दाखवून दिले.

सन कंपनी २०१० सालीच ओरॅकल या बड्या कंपनीने विकत घेतली होती. साठवणीच्या एका कोष्टकात कोणत्या प्रकारची वस्तू ठेवली जात आहे, हे तपासावयाचे रनटाइममध्ये राहून गेले होते. म्हणजे रखवालदाराने पोत्यावरची चिठ्ठी वाचली, पण पोते उघडून पाहिले नाही. या भोकावरचे ठिगळ ओरॅकलने १४ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रसिद्ध केले. परंतु ॲपल कंपनीच्या संगणकांसाठी जावा वाटण्याचे काम तेव्हा ॲपलने स्वतःकडे ठेवले होते आणि तिचे ठिगळ आले ३ एप्रिलला. मधल्या सात आठवड्यांत ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमने त्याच भोकातून शिरून सहा लाखांवर यंत्रे ताब्यात घेतली. डॉक्टर वेब या रशियन संस्थेने ही मोजदाद केली. भोक ठाऊक होते, ठिगळही तयार होते. पण ते दुसऱ्याच्या गोदामात पडून होते!

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोलंडमधील एका लहान संशोधन-संस्थेने ओरॅकलला आणखी काही भोके कळविली. कंपनीचा रिवाज वर्षातून तीनदा ठिगळे वाटण्याचा. जूनच्या फेरीत त्यांतली थोडीच बुजविली गेली. ऑगस्टअखेर उरलेल्यांतून प्रत्यक्ष हल्ले सुरू झाले, तेव्हा ३० ऑगस्टला घाईने ठिगळ निघाले. जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा एक भोक उघडकीस आले. तीन दिवसांत त्यावर ठिगळही आले. तरीसुद्धा, गरज नसेल तर ब्राउझरमधला जावा बंदच ठेवा, असा सल्ला अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने दिला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून कंपनीने वर्षाला चार फेऱ्या केल्या. कारखान्यात अपघात झाल्यावर यंत्राला जाळी बसवितात, त्यातलाच हा प्रकार.

गरज नसेल तर बंद ठेवा, हे ठीक. पण ज्याला गरज आहे त्याने काय करावे? २०१४ च्या आरंभीची गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीच्या एका मजूर सहकारी संस्थेला एका छोट्या कामाची निविदा भरावयाची होती. निविदा संगणकावरून भरणे आले होते आणि डिजिटल सही उठविण्यास जावा लागे. धडगावातल्या एका सेवा केंद्रावरच्या मुलाने त्या सकाळी पडद्यावर आलेली ‘अद्ययावत करा’ ही सूचना शहाण्यासारखी मानली. झाले! सहीचे पान उघडेना. सुरक्षिततेच्या कारणास्तव हा प्रोग्रॅम रोखला आहे, एवढेच पडद्यावर येई. त्यात वीज दोनदा गेली. दुपारी मुदत संपली आणि निविदा राहिली. संस्थेच्या लोकांनी मुलाला वाटेल ते बोलून घेतले. आम्हीही बोललो. जन्मभर मालकांशी भांडणाऱ्या आम्हांला त्या दिवशी दोष देण्यास एक पोरगाच सापडला.

पुढे सवडीने वाचले तेव्हा उलगडा झाला. १४ जानेवारी २०१४ च्या जावा आवृत्तीने, मान्यताप्राप्त प्रमाणपत्राची सही नसलेले ॲपलेट आपसूक अडविण्यास आरंभ केला होता. ज्या संकेतस्थळांवर आपला विश्वास आहे त्यांची नावे एका अपवाद-यादीत घालण्याची सोयही तिच्यात होती. परंतु हे त्या मुलाला सांगणार कोण? त्याच्या पडद्यावर ते इंग्रजीत, तीन खिडक्यांच्या आड होते. त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे उपाय केला. नवा जावा काढून जुना बसविला आणि अद्ययावत करण्याची सूचना कायमची बंद केली. एप्रिल २०१५ मध्ये त्या पिढीच्या जावाला सर्वांसाठी फुकट ठिगळे मिळणे थांबले. सप्टेंबरात क्रोम ब्राउझरने तसले जोड चालविणेच सोडले, तेव्हा त्याने जुना ब्राउझरही सांभाळून ठेवला. भोक बुजविले तर काम अडते आणि काम चालवावे तर भोक उघडे राहते. या कात्रीत तो सापडला होता. अशा माणसाला निष्काळजी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. नवी आवृत्ती येणार हे ठाऊक असून आपले पान वेळेवर न सुधारणारा मनुष्य कोणत्या तरी शहरात बसला होता, आणि त्याला कोणी बोलले नाही.

ठिगळे शिवणारे तरी सगळे पगारी असतात काय? डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावाच्या साहाय्यक प्रोग्रॅममध्ये भोक निघाले. नोंदवहीत लिहावयास दिलेला मजकूर तो हुकूम समजून पाळीत असे. बाहेरच्याने धाडलेल्या एका ओळीसरशी तो परक्या ठिकाणचा प्रोग्रॅम आणून चालवी. जगातल्या बड्या कंपन्या त्यावर विसंबून होत्या आणि त्याची देखभाल करणारे बहुतेक स्वयंसेवक! आपली नोकरी सांभाळून त्यांनी त्या महिन्यात एकामागून एक चार दुरुस्त आवृत्त्या काढल्या, कारण पहिले ठिगळ अपुरे पडले, दुसऱ्यातही उणीव निघाली. असे बिनपगारी जादा काम आमच्या कोणत्याही कामगाराकडून करून घेतले असते, तर आम्ही दारावर मोर्चा नेला असता.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१८ च्या जावा रनटाइममध्ये दूरचा प्रोग्रॅम तसा आणून चालविण्याची एक सोपी वाट आधीच बंद केलेली होती. ते ठिगळ ज्यांनी वेळेवर लावले, त्यांच्यावरचा तीन वर्षांनंतरचा हा घाला पुरता नव्हे तरी काहीसा बोथट झाला. पण २०१९ पासून ओरॅकलने त्या आवृत्तीची पुढची ठिगळे व्यापारी वापरासाठी विकत देण्यास सुरुवात केली. जावाचा मूळ मजकूर सन कंपनीने २००६-०७ मध्ये खुला करून ठेवला होता, म्हणून त्यावरून तयार केलेली फुकट ठिगळे इतरांकडून मिळत राहिली. मात्र ती कोठून आणावी हे ज्याला माहीत त्यालाच.

तो मुलगा आता धडगावात नाही. सुरतेस एका दुकानात आहे. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात भेटला, तेव्हा आम्ही त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल त्याची माफी मागितली. “जाऊ द्या काका,” तो म्हणाला, “तुम्ही तरी काय करणार होता?” निविदेची तारीख मात्र त्याला अजून पाठ होती.